गाडी विकलीत ना, मग पॉवर भाड्याने का?

फोक्सवॅगनने 2025 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये आयडी.3 या इलेक्ट्रिक गाडीसाठी एक योजना आणली. गाडी चालते 150 किलोवॅटवर. महिन्याला साडेसोळा पौंड, वर्षाला 165 किंवा एकदाच 649 पौंड भरा, की तीच 170 किलोवॅटची होते आणि टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, 265 न्यूटन मीटरवरून 310 वर जातो. एकही पार्ट बदलत नाही. म्हणजे 170 किलोवॅट झेपणारी मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा भाग) आणि केबल कारखान्यातच बसवलेली असते आणि गिऱ्हाइकाने त्याचे पैसे शोरूममध्येच मोजलेले असतात. वर कहर म्हणजे कागदोपत्री गाडीची नोंदही जास्त पॉवरचीच, म्हणून विमा कंपनीला वेगळं कळवावं लागत नाही. जो पैसे भरत नाही त्याच्याही कागदावर मोठा आकडा आणि पायाखाली छोटा.

एकरकमी अपग्रेड विकायला माझी अजिबात हरकत नाही. पोलस्टार 2 ची पॉवर युरोपात हजार युरोंत 300 वरून 350 किलोवॅट झाली. टेस्लाने 2019 च्या शेवटी मॉडेल 3 लाँग रेंजला दोन हजार डॉलरमध्ये ताशी 0 ते 60 मैल वेग गाठायला 4.4 ऐवजी 3.9 सेकंद दिले. जादा पॉवरवर गाडी पुन्हा तपासावी लागते, वॉरंटीची जोखीम वाढते, त्याची किंमत कंपनीने जरूर घ्यावी. पण ती एकदाच. नकाशे, लाइव्ह ट्रॅफिक यांना दरमहा सर्व्हर आणि डेटाचा खर्च असतो. पॉवर ठरवणारी करंटची मर्यादा म्हणजे गाडीतच साठवलेला आकडा. तो तिथे राहायला महिन्याला काय खर्च येतो?

मर्सिडीजने 2022 मध्ये अमेरिकेत ईक्यूई 350 या इलेक्ट्रिक गाडीच्या पॉवर अपग्रेडसाठी वर्षाला 1,200 डॉलर मागितले होते. पुढे त्याच अपग्रेडला 1,950 डॉलरचा एकरकमी पर्याय दिलाच. म्हणजे जमतं.

आता झीज कोणाच्या माथी, ते बघा. टॉर्क साधारण करंटच्या प्रमाणात वाढतो, पण वाइंडिंगमधली (मोटरमध्ये गुंडाळलेल्या तारांमधली) उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. 265 चे 310 म्हणजे 17 टक्के वाढ, आणि पूर्ण जोर लावलेल्या त्या काही सेकंदांत उष्णता जवळपास 37 टक्के जास्त. याने मोटर जळत नाही. सेन्सर तापमान बघतात आणि लागोपाठ जोरात पळवली की गाडी स्वतःच पॉवर कापते. बॅटरी गार असली किंवा चार्ज तळाला गेला तरी बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, करंट आवरते. अशा वेळी विकत घेतलेले किलोवॅट मिळत नाहीत, भाडं मात्र पूर्ण. शिवाय आयडी.3 मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे जादा टॉर्क वापरणाऱ्याचे मागचे टायर लवकर संपणार, आणि ते बिल मालकाचंच.

जुनी गाडी घेताना तर डोळ्यांत तेल घालून बघा. अपग्रेड गाडीच्या व्हीआयएन (चेसिस) नंबरवर आहे की मालकाच्या खात्यावर, हे आधी लेखी विचारा. मग जुन्या मालकाचं खातं गाडीतून काढायला लावा, गाडी रीसेट करा आणि त्यानंतर स्क्रीनवर अपग्रेड दिसतंय का पाहा. पैसे त्यानंतरच द्या. अपग्रेडची पावतीही मागून घ्या. आयडी.3 मध्ये 649 पौंडांचा पर्याय गाडीसोबत जातो, हे मात्र फोक्सवॅगनने योग्य केलं.

आपल्याकडे हे आलं तर प्रश्न आणखी टोकदार होतो. भारतात इलेक्ट्रिक वाहनांचा थर्ड पार्टी विम्याचा हप्ता किलोवॅटवर ठरतो. मोटारींना 30 आणि 65 च्या पायऱ्या, दुचाकींना 3, 7 आणि 16 च्या. 65 च्या वरच्या मोटारीला फरक पडणार नाही, पण साडेसहाची स्कूटर सव्वासातची झाली तर पायरी बदलते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. म्हणून पॉवर वाढवणारं कुठलंही पॅक घेण्याआधी डीलरकडून ईमेलवर दोनच गोष्टी मागा: आरसीवर कोणता आकडा आहे, आणि अपग्रेडनंतर मोटर व बॅटरीची वॉरंटी तशीच राहते का. तोंडी ‘काही होत नाही सर’वर पैसे भरू नका.