‘गरिबाचं अपील चालत नाही’ म्हणे!

‘तालुका कोर्टात हरलात? वकील नसेल तर अपील विसरा. तीस दिवस गेले की जमीन गेली. फुकटचा वकील समोरच्याला सामील असतो. आणि अपील टाकलंच, तर ताबा कोणी घेऊ शकत नाही.’ हा मेसेज माझ्या पारोळ्याच्या मावशीपर्यंत पोचला. वाटणीचा दावा नुकताच हरलेली बाई. तिने निकालाच्या नकलेचा अर्जच केला नाही.

सगळ्यात घातक ते तीस दिवस. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस आहेत, खरं आहे. पण मुदत कायदा, १९६३ चं कलम १२ वाचा: नक्कल मिळवायला लागलेला वेळ त्यात धरत नाहीत. म्हणून नकलेचा अर्ज लगेच करायचा. तरी उशीर झालाच, तर कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज असतो. मात्र सबळ कारण द्यावं लागतं. मेसेज वाचून घरी बसलो, हे कारण कुठलं न्यायालय ऐकेल? लोकांची मुदत हा मेसेजच खातोय.

वकिलाशिवाय अपील करता येतं. उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या खानदेशासाठी औरंगाबाद खंडपीठात, स्वतः बाजू मांडणाऱ्याला आधी, त्याला ते जमेल का हे पाहणाऱ्या न्यायालयाच्या समितीपुढे जावं लागतं, एवढं मान्य. कोर्ट फी झेपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४४ आहे: फी न भरता अपील करायची परवानगी मागता येते.

आता ‘फुकटचा वकील’. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२: कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची कोणतीही व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी भावांनी हे पाठ करावं. अपिलालाही ही मदत मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हा न्यायालयांत प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००. काही वकील तारखेला येत नाहीत, हे नाकारत नाही. तसं झालं तर वकील बदलून मागा. पण सगळेच विकलेले? १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कैद्याला अपिलासाठी निकालाची प्रत मोफत आणि वेळेत द्या, ऐपत नसेल तर वकीलही द्या. ते उपकार म्हणून नाही, त्याचा हक्क म्हणून.

ताब्याचं तर धडधडीत खोटं. नुसत्या अपिलाने निकालाची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो; तो अपिलासोबतच द्या.