पंचेचाळीस मिनिटांची हस्तकला नगरी

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काश्मीर सहलीचं वेळापत्रक आलं. कुठल्याशा टूरवाल्याची रंगीत पीडीएफ. तिसऱ्या दिवशी मुघल गार्डन, शिकारा आणि मग ठळक अक्षरांत 'जागतिक हस्तकला नगरीची सफर, ४५ मिनिटं (शॉपिंग)'. खाली धडाधड अंगठे. माझाही अंगठा पडणारच होता, पण त्या कंसातल्या शब्दाने डोकं फिरलं. लांबलचक लिहिणार आहे, घाईत असाल तर पुढे सरका.

ही पदवी टूरवाल्याच्या मनातली नाही. वर्ल्ड क्राफ्ट्स कौन्सिल या हस्तकलांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ मध्ये श्रीनगरला खरोखरच तो मान दिला. भारतात त्याआधी तो जयपूर, मामल्लपुरम आणि म्हैसूरला मिळाला होता. २०२१ मध्ये युनेस्कोनेही हस्तकला आणि लोककलेसाठी श्रीनगरला सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं होतं. प्रत्येक वेळी आपण सगळ्यांनी 'अभिमानास्पद!' म्हणून बातम्या पुढे ढकलल्या. अभिमान कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

आई आणि मी श्रीनगरला गेलो होतो तेव्हा जुन्या शहरात एका सोझनी करणाऱ्या चाचांच्या घरी बसायचा योग आला. सोझनी म्हणजे पश्मिन्यावर सुईने केलेलं अतिबारीक भरतकाम. खिडकीशी भिंतीला टेकून, मांडीवर शाल घेऊन ते बसले होते. आईचं सगळं आयुष्य भरतकामात गेलेलं, त्यामुळे तिने हातात शाल आल्याबरोबर ती आधी उलटी करून पाहिली. मग सरळ चाचांचा चष्मा मागून घेतला, स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "अगं बाई, केवढा हा नंबर!" त्यांना मराठी कळलं नसणार, पण ते खळखळून हसले. त्या शालीत त्यांचे दोन हिवाळे गेले होते. आम्ही निघताना म्हणाले, "फोटो ले लो, बेटा. मुझे भी भेजना. कल ये चली जाएगी." दुसऱ्या दिवशी व्यापारी ती न्यायला येणार होता. स्वतःच्या कामाचा एकही फोटो त्यांच्याजवळ नव्हता.

हे मला त्या पीडीएफवाल्याला कुठून समजावता येणार?

आणि श्रीनगरला जगाने ओळखलं ते काय आत्ता? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बायका काश्मिरी शालींसाठी वेड्या झाल्या होत्या. स्कॉटलंडमधलं पेस्ली नावाचं गाव त्या शालींच्या नकला मागांवर काढून श्रीमंत झालं. त्याच काळात श्रीनगरमध्ये शालींवर 'दाग-शाल' नावाच्या खात्याचा कर होता आणि तो विणकराचं रक्त शोषत होता. काम सोडून खोऱ्याबाहेर जावं, तर तीही मुभा नाही. २९ एप्रिल १८६५ ला शालबाफ, म्हणजे शाल विणणारे, श्रीनगरमधल्या झालडगरला मोर्चा घेऊन जमले. त्यांच्यावर सैन्य घातलं गेलं आणि २८ जणांचा जीव गेल्याची नोंद आहे. शहराचं नाव तेव्हाही जगभर होतं हो! नाव होऊन विणकराच्या ताटात काय पडलं, ते इतिहासात लिहून ठेवलंय. म्हणून नुसत्या पदवीने मी भारावत नाही.

मान्य, पदवीमुळे माणसं येतात, चार लोक चौकशी करतात, सरकारदरबारी फाईल हलते. मान्य, व्यापारीही सगळे लुटारू नसतात. दोन-दोन वर्षं पैसा अडकवून कुणीतरी बसावं लागतंच. झालं मान्य करून.

पण आता खरी आग सांगते. पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांगमधल्या शेळ्यांची आतली लव. २००८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाप्रमाणे तंतू १६ मायक्रॉनपेक्षा जाड चालत नाही आणि सूत हातानेच कातलेलं लागतं. हे कातणं पिढ्यानपिढ्या बायकांनी केलं, घरात, 'यिंदर' नावाच्या चरख्यावर, स्वयंपाक आणि लेकरं सांभाळून. मोबदला मात्र इतका कमी की हजारोंनी चरखे माळ्यावर गेले. मग मशीन आलं. तंतू इतका नाजूक की मशीनचा ताण सोसत नाही, म्हणून त्यात नायलॉन मिसळतात आणि नंतर ॲसिडने ते विरघळवून टाकतात. त्यात पश्मिना कमकुवत होतो तो वेगळाच. असली शाल काचेच्या शोरूममध्ये 'अस्सल हाताची' म्हणून खपते, आणि दारावर 'जागतिक हस्तकला नगरी'चा फलक! म्हणजे ज्या बाईच्या हाताच्या जोरावर मान मिळाला, तिला घरी बसवलं आणि मान दुकानाला लावला. वरातीतल्या बँडवाल्यांनी जेवून घ्यावं आणि नवरदेव उपाशी, तसलं झालं हे.

(एवढं लिहून चहा करून आले. जरा शांत झालेय.)

चाचांची शाल कुणाच्या खांद्यावर असेल? ज्याने घेतली त्याला त्यांचं नाव माहीत नसणार, सूत कातणारीचं तर नाहीच. चाचांनाही ती कातणारी माहीत नव्हती, आईने विचारलं होतं. आईला राहवलं नाही, म्हणाली, "एवढं काम आणि कोपऱ्यात दोन अक्षरं नाहीत नावाची?" चाचा म्हणाले, नाव घातलं तर माल परत येतो.

जपानमधलं कानाझावा शहर २००९ पासून युनेस्कोच्या त्याच यादीत आहे. पण तिथल्या पालिकेने १९८९ मध्येच उतात्सुयामा टेकडीवर कारागीर घडवणारी कार्यशाळा काढली होती. मातीकाम, लाखकाम, रंगाई, धातू, काच असं सगळं, तेही शिष्यवृत्ती देऊन. आधी माणसं उभी केली, पदवी वीस वर्षांनी आली. लगेच कुणीतरी म्हणेल, 'त्यांच्याकडे पैसा आहे.' आहे. आपल्याकडेही फलक लावण्यापुरता असतोच की.

युनेस्कोच्या यादीतल्या शहरांना दर चार वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. त्यात महोत्सव किती झाले ते असू द्या. पण कातणारीचा दर काय, कितीजणी अजून कातताहेत, हे पहिल्या पानावर का नको? आणि ते घसरत असेल तर पदवी काढून घ्या. होऊ दे नाचक्की.

ग्रुपवर मी फक्त एवढंच लिहिलं की ४५ मिनिटं नकोत, अर्धा दिवस ठेवा. एका काकांचं उत्तर आलं, "गुलमर्गचा वेळ कमी होईल." त्यावर सहा अंगठे.

असो. तुमच्यापैकी काहीजण मे महिन्यात जाताय हे मला माहीत आहे. पश्मिना घेणार असाल तर श्रीनगरच्या तपासणी केंद्राचं मानांकनाचं लेबल आणि त्यावरचा क्रमांक बघितल्याशिवाय पैसे काढू नका. 'अंगठीतून जाते बघा' या खेळाला भुलू नका, मशीनचीही जाते. परवडत नसेल तर शाल राहू द्या. पेपर माशेची, म्हणजे कागदाच्या लगद्याची, छोटी डबी घ्या, पण ती रंगवणाऱ्याच्या हातून घ्या. चाचांच्या घरी जायचं असेल त्यांनी मला मेसेज करा, गल्ली सांगते. पत्ता इथे उघड टाकणार नाही, उगाच पीडीएफमध्ये जायचा.