गंजलेलं हरिकेन कुणी पाहिलंय?

दर दोन-चार महिन्यांनी तोच संदेश नव्याने फिरत येतो. ‘युद्धविमानाचं मॉडेल अस्सल दिसण्यासाठी पाच नियम.’ ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लढाईतली विमानं गंजकी असायची, म्हणून गंज लावा. रंगाचे पोपडे उडवून खालची चांदी, म्हणजे उघडा चंदेरी पत्रा, सगळीकडे दाखवा. प्रत्येक पॅनल लाइन, म्हणजे दोन पत्र्यांमधली सांध्याची रेघ, काळीकुट्ट करा. धूर काळा आणि तेलाचे ओघळ वरून खाली ओढा. महागडा एअरब्रश (रंग फवारायचं यंत्र) नसेल तर या नादाला लागू नका. शेवटी ठळक अक्षरांत, ‘जेवढा मळ तेवढं अस्सल.’

परवा इथल्या, नाशिकच्या कॉलेज रोडचा एक पोरगा त्याचं पहिलं पूर्ण केलेलं मॉडेल घेऊन घरी आला. १/७२ मधलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, हॉकर हरिकेन, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. जोडणी इतकी स्वच्छ की माझ्या पहिल्या तीन मॉडेलांची मला लाज वाटावी. आणि त्यावर हे पाचही नियम इमानेइतबारे थापलेले. अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या एखाद्या भंगारवाल्याने ते वजनावर घेतलं असतं. पोराला बोलून उपयोग नव्हता, दोष संदेशाचा होता. म्हणून हे लिहितोय.

गंजापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठी थाप तीच. तांबूस गंज लोखंडाला चढतो. हरिकेनच्या इंजिनावरची झाकणं आणि पंखांचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तो खराब होतो, पण त्याच्यावर पांढुरकी, करडी भुकटी धरते, खिळ्याला येतो तसा तांबडा थर येत नाही. आमच्या शेजारी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. मिग लढाऊ विमानांच्या पत्र्यावर आयुष्य गेलं त्यांचं. मॉडेल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पंखावरचा तपकिरी डाग नखाने खरवडला आणि म्हणाले, “अरे, हा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा ना? मग गंज आला कुठून? असा डाग दिसला की आम्ही आधी स्टीलचा बोल्ट शोधायचो.” पोरगा गप्प. हरिकेनच्या पोटात पोलादी नळ्यांचा सांगाडा आहे खरा, पण तो आत, झाकलेला. बाहेरून गंजाची छटा शोभते ती इंजिनाच्या एक्झॉस्टच्या नळकांड्यांवर. तिथे तापून-निवून तपकिरी, जांभळट, राखाडी असे रंग येतात. तेवढीच जागा, तिथे हौस भागवा.

आता पोपडे. इथे थोडं थांबतो, कारण याच नियमाने सगळ्यात जास्त मॉडेलं वाया जातात. १/७२ मध्ये १ मिलिमीटरचा चंदेरी ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटर रंग उडालेला, म्हणजे हाताच्या चार बोटांएवढा. पोराने असे किमान दीडशे ठिपके मारले होते, त्यातले निम्मे कॉकपिटच्या मागच्या धडावर. गंमत अशी की हरिकेनच्या मागच्या धडावर पत्राच नाही! लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं, डोप नावाचं लाखेसारखं द्रव्य लावून घट्ट केलेलं कापड आहे ते. शेपटीचे सुकाणू, पंखांच्या मागच्या कडेची हलती झापं म्हणजे एलरॉन, तेही कापडाचेच. तिथे चांदी दाखवली की आपण नसलेला पत्रा खरवडतो. अनेक हरिकेनांना नाकावर रोटोल कंपनीचा फिरता पंखा होता आणि त्याची पाती दाबून घट्ट केलेल्या लाकडाची होती, म्हणजे पात्याच्या कडेलाही चांदी नाही. मॉस्किटो हे दुसरं ब्रिटिश विमान तर जवळपास आख्खंच लाकडी.

मग पोपडे कुठेच नाहीत का? आहेत. पंखाच्या मुळाशी, जिथे बूट घालून माणसं चढतात-उतरतात. बंदुकांची काडतुसं भरायला रोज उघडाव्या लागणाऱ्या झाकणांच्या कडेला. इंजिनाच्या झाकणांच्या स्क्रूभोवती, जिथे घाईत स्क्रूड्रायव्हर घसरतो. म्हणजे जिथे माणसाचा हातपाय लागतो तिथे. भांडी घासायच्या स्पंजचा शेंगदाण्याएवढा तुकडा चिमट्यात धरा, रंगात बुडवा, जुन्या वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा आणि मगच मॉडेलला टेकवा. पहिल्या टेकवणीत काही दिसलं नाही तर बरोबर चाललंय असं समजा.

एक अपवाद मान्य करायलाच हवा, नाहीतर कुणीतरी फोटो घेऊन भांडायला येईल. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेनांसमोर जपानी लष्कराची नाकाजिमा हायाबुसा ही लढाऊ विमानं असत. त्यातल्या बऱ्याच विमानांवर उघड्या पत्र्यावरच, खाली प्रायमर म्हणजे अस्तराचा हात न देता, रंग मारलेला असे आणि तो अक्षरशः पापुद्र्यांनी सुटायचा. तिथे संदेशाचा दुसरा नियम खरा ठरतो. पण एका विमानाचा रोग सगळ्यांना लावायचा नसतो.

पॅनल लाइनचं लवकर उरकतो. १/७२ मध्ये ०.३ मिलिमीटरची काळी रेघ म्हणजे खऱ्यावर २ सेंटिमीटरहून रुंद फट. असल्या विमानात बसायला वैमानिक तयार झाला नसता. शिवाय हरिकेनच्या कापडी धडावर पॅनलच नाहीत, कापडाखालच्या पट्ट्यांचे हलके उंचवटे आहेत. तपकिरी-करड्या तैलरंगाचा टर्पेंटाइनमध्ये पातळ वॉश, म्हणजे पाण्यासारखा रंग, घ्या, लावा, आणि पुढून मागे पुसून काढा. हाताशी काळा असला तरी तो बाजूला ठेवा.

पुढून मागे, हे मुद्दाम लिहिलं. चौथ्या नियमातली खोट तिथेच आहे. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर पावसाळ्यात काळे ओघळ उतरतात ते वरून खाली, कारण भिंत जागची हलत नाही. विमान ताशी ४०० किलोमीटरने जातं तेव्हा तेलाचा थेंब हवा नेईल तिकडे जातो, इंजिनाकडून शेपटीकडे. उभ्या विमानातून तेल ठिबकतंही, पण ते पोटाखाली, सांध्याच्या तोंडाशी. आणि धुराचं म्हणाल तर त्या काळच्या १०० ऑक्टेन पेट्रोलमध्ये शिसं असायचं. इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं की काजळी काळी, पण मोजकं पेट्रोल जाळत लांबचा पल्ला गाठला की शिशाचा करडा, फिकट बदामी डाग मागे राहतो. दोन्ही एकावर एक, मध्ये फिकट आणि कडेला गडद, असं काढलं की बघणारा थबकतो. माझ्याकडे त्यासाठी मुलीच्या जुन्या पेस्टल खडूंची पूड आणि डोळ्यांच्या मेकअपचा टाकून दिलेला ब्रश आहे. बंदुकांच्या तोंडामागे पंखाखाली दारूच्या धुराचे पट्टे जरूर काढा. गोळ्या झाडल्या असतील तरच, हेही लक्षात असू द्या. बंदुकांची तोंडं उड्डाणाआधी कापडाच्या पट्टीने बंद करत. पट्टी शाबूत आणि मागे धूर, असं दिसलं की हसू येतं.

संदेशात नसलेली, पण मळापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट. पोराने डिकल, म्हणजे चिकटवायची चिन्हं, लावले होते भारतीय हवाई दलाच्या १ नंबर स्क्वाड्रनचे. हे स्क्वाड्रन १९४४ मध्ये इंफाळला हरिकेन उडवत होतं. त्याचं नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होतं आणि त्याच वर्षी त्यांना डीएफसी हे उड्डाणातल्या शौर्याचं ब्रिटिश पदक मिळालं. पण पंखावरच्या गोल चिन्हात मध्ये लाल टिपका! जपानी विमानांवर लाल सूर्य असल्यामुळे या आघाडीवर दोस्तांच्या चिन्हांमधून लाल रंग काढूनच टाकला होता, निळा आणि पांढरा किंवा फिकट निळा एवढंच ठेवलं. लाल टिपका घेऊन इंफाळवर गेलं असतं तर आपल्याच तोफांनी टिपलं असतं. चिखलाचंही तसंच. विमान फेब्रुवारीतलं दाखवायचं की जुलैतलं, हे आधी ठरवा. फेब्रुवारीत धूळ असेल, जुलैत चिखल, आणि तोही चाकांवर आणि चाकांनी उडवलेला पोटाखाली. पंखाच्या वर चिखल चढत नाही.

एअरब्रशबद्दल एवढंच की माझी पहिली सात मॉडेलं साध्या ब्रशने रंगवलेली आहेत आणि त्यातलं एक अजून काचेच्या कपाटात पुढच्या रांगेत आहे. उलट एअरब्रश आल्यावर आषाढात एका रात्री मी लॅकरचं मॅट वार्निश मारलं आणि दहा मिनिटांत आख्खं विमान दुधाळ झालं. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि नाशिकच्या पावसाळी हवेतली वाफ त्या ओल्या थरात अडकते. नुसत्या थिनरचा हलका फवारा मारून निम्मं वाचलं, निम्मं गेलं. तेव्हापासून आषाढ-श्रावणात मी फक्त जोडणी करतो, वार्निशला दिवाळीपर्यंत हात लावत नाही.

राहिलं ‘जेवढा मळ तेवढं अस्सल’. विमानाची देखभाल करणारी माणसं पहाटे उठून कॉकपिटची काच घासून लख्ख करत, कारण काचेवरचा डाग आणि लांबवर दिसणारं शत्रूचं विमान यांत वैमानिकाची गफलत झाली तर तो परत येत नसे. पोराने नेमकी काचेवरच धूळ बसवली होती. बाकीचं खरवडणं तो सावकाश करणार आहे, पण काच मात्र त्याच्याकडून तिथेच बसून टूथपेस्टने घासून घेतली. काका शेजारी बसून सांगत होते, “अजून. अजून थोडी.”