‘पारावरचे पंडित’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण ती वाचून गावाकडून फोन आले, ‘आता काय म्हणणार?’ असं विचारलं गेलं, म्हणून लिहायला बसलो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की मानसिक आजार होणं, वाढणं, आटोक्यात येणं आणि उलटणं, या सगळ्यात भोवतालच्या माणसांचा, कर्जाचा, कामाचा, एकटेपणाचा मोठा वाटा असतो. त्यावर तुम्ही लिहिलंत : “हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे, गावकीचा नाही. पारावरच्या गप्पांनी रसायनं बदलत नाहीत. तुमच्यासारखे पारावरचे पंडित लोकांना गोळ्यांपासून लांब ठेवतात आणि मग एखाद्याचा जीव जातो.” पुढे आणखी तीन मुद्दे आहेत : गावच अशा माणसाला येडं ठरवून हिणवतं, आधाराचं सगळं ओझं घरातल्या बाईवर पडतं, आणि मी दिलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीवर नंतर शंका घेतली गेली ते मी लपवलं.

मुद्दे मांडायला कोणाची ना नाही. पण ‘पंडित’ कशाला? ‘तुमच्यासारखे’ म्हणजे कोणासारखे? आणि ‘जीव जातो’ हे एवढं सहज लिहून तुम्ही पुढच्या ओळीकडे वळलात. एखाद्याच्या मरणाचं पाप अनोळखी माणसाच्या माथी मारताना हात थोडा तरी अडखळायला हवा होता. नावाखाली ‘मूळ धुळे, सध्या पुणे’ असं आहे. आमच्याकडे भरीत-भाकरीच्या पंगतीला शेजारी बसलेल्या परक्या माणसाशीही कोणी असं बोलत नाही. समोरासमोर असतो तर तुम्हीही बोलला नसतात, याची मला खात्री आहे.

एक मात्र मान्य करतो. ‘औषधापेक्षा माणूस मोठा’ हे लेखाचं शीर्षक, लेख न वाचता नुसतं ते वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेनं नेऊ शकतं. ते आता बदललं आहे. पण लेखात ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात. तुम्ही तिथपर्यंत पोचला असतात तर अर्धी प्रतिक्रिया लिहावीच लागली नसती.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. ‘रसायनांचा आजार आहे, गावकीचा नाही.’

मेंदूत रसायनं आहेत हे मला ठाऊक आहे. रागावलो तरी ती बदलतात, रात्रभर जागलो तरी बदलतात, सावकार दारात उभा राहिला तरीही बदलतात. म्हणजे आजार मेंदूत दिसतो म्हणून त्याचं कारण मेंदूतच जन्मलं असं होत नाही. सेरोटोनिन हे मेंदूतलं एक रसायन कमी पडलं म्हणून नैराश्य येतं, ही आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या गोष्टीला ठाम पुरावा मिळाला नाही. लगेच त्यावर उडी घेऊ नका. गोळ्या निरुपयोगी आहेत असा त्याचा अर्थ नाही. त्यांचा उपयोग होताना मी घरात पाहिलाय, पुढे सांगतोच. अर्थ इतकाच की ‘रसायन’ हा एक शब्द उच्चारला म्हणजे आजाराचा सगळा उलगडा झाला असं होत नाही. जॉर्ज एंगेल या डॉक्टरांनी १९७७मध्येच मांडलं होतं की शरीर, मन आणि समाज तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय आजार कळत नाही. ते पारावर बसणारे नव्हते.

लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी बायकांमधल्या नैराश्याचा अभ्यास केला, तो १९७८मध्ये प्रसिद्ध झाला. संकटं अनेकींवर आली होती, पण सगळ्या आजारी पडल्या नाहीत. जास्त करून कोण पडल्या? ज्यांना मनातलं सांगायला जवळचं माणूस नव्हतं, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा त्याहून जास्त मुलं होती, घराबाहेर काम नव्हतं, आणि ज्यांची आई त्या अकरा वर्षांच्या होण्याआधीच गेली होती. यातलं रसायन कोणतं, भाऊ?

हे वाचलं तेव्हा मला आपली आखाजी आठवली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला खान्देशात लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. लेक आपली आपण येत नसेल तर माहेरचा मुऱ्हाळी तिला आणायला जातो. भाऊ किंवा चुलता सासरच्या ओट्यावर बसून पाणी पितो आणि बहिणीच्या चेहऱ्याकडे बघतो. ती बारीक झालीय का, मान खाली घालून वाढते का, हे तो घरी जाऊन सांगतो. मग माहेरी चार दिवस झोक्यावर, धुण्यावर, रात्री अंगणात ती आईपाशी, बहिणींपाशी सगळं ओकते. वर्षातून एकदा का होईना, विचारणारं कोणी आहे हे तिला माहीत असतं. ज्या लेकीला आणायला कोणी गेलंच नाही तिचं काय होतं, हे आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. आखाजीनं आजार बरा होतो असा दावा मी केलेला नाही आणि करणारही नाही.

गोळ्यांपासून लोकांना लांब कोण ठेवतं, हेही बघू. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नसल्याचं दिसलं. ते काय माझा लेख वाचून घरी बसले? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा पातळीवरचा १९९६चा. तरी धडगावच्या पाड्यावरून आजारी माणसाला नंदुरबारला आणायचं तर एक मजुरी त्याची बुडते आणि एक सोबत येणाऱ्याची. सोबत येणारा नसेल तर तो येतच नाही. गोळी पुण्यात बसून लिहिणाऱ्याला जवळ वाटते.

आता घरचं सांगतो. हे लिहायची इच्छा नव्हती, पण तुम्ही ‘तुम्हाला काय अनुभव’ असंही विचारलंय.

माझा धाकटा भाऊ महामार्गावरच्या अपघातात गेला. आईनं बोलणं टाकलं. आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. नातेवाइकांनी आधी ‘बाहेरचं आहे’ म्हणून तिला एका भगताकडे नेलं. त्यात वेळ गेला. मग जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, गोळ्या लिहून दिल्या आणि वडिलांना म्हणाले, ‘रोज द्या, चुकवू नका.’ चिठ्ठी बरोबरच होती. पण वडिलांच्या केळीच्या शेताला लाईट रात्रीची. ते रात्रभर मोटारीवर आणि दिवसा झोपलेले. मी सुरतला नोकरीला. आई म्हणायची, ‘घेतली.’ आम्ही मानायचो.

शेजारच्या अक्का एकदा तिची गोधडी उन्हात टाकायला घेऊन गेल्या. गोधडीच्या एका कडेची शिवण उसवलेली होती, तिथं हाताला काहीतरी टोचलं. आत गोळ्या होत्या. पट्टीतून एकेक काढून ठेवलेल्या, काहींना घाम लागून त्या पिवळ्या पडलेल्या, काही चुरलेल्या. अक्कांनी घरात कोणाला बोल लावला नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तांब्या घेऊन यायच्या, आईच्या हातावर गोळी ठेवायच्या आणि म्हणायच्या, “गियी टाक व माय, मी देखस.” आई गिळेपर्यंत समोर बसून राहायच्या. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढे लागले. आई जेवायला लागली, रात्री झोपायला लागली. पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची ती बसायचीच.

उन्हाळा लागला तसं अक्कांनी दुसरं काढलं. “मना घर पापड लाटाले कोनी नही, चाल.” हे खोटं होतं, त्यांच्या दोन सुना घरात होत्या. आईनं पहिल्या दिवशी नुसत्या उडदाच्या लाट्या करून दिल्या, एक शब्द न बोलता. मग तिच्या हातात लाटणं आलं. मग ज्वारीचे बिबडे घालायला पहाटे उठून जायला लागली. बायका तिच्यासमोर माझ्या भावाचं नाव घ्यायच्या, आम्ही घरात घेत नव्हतो. तिथं ती पहिल्यांदा रडली.

तर सांगा, माझी आई कशानं उभी राहिली? गोळीनं? हो. अक्का नसत्या तर ती गोळी गोधडीतच राहिली असती हेही तितकंच खरं. आणि या अक्कांना तुम्ही ‘पारावरच्या गप्पा’ म्हणता.

तुम्ही म्हणाल ही एकाच घराची कहाणी झाली. मग गोव्याकडे बघा. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये आलेल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. रोजच्या कामांत पुन्हा हात घालायला लावणं हा त्यांचा गाभा होता. तीन महिन्यांनी ६४ टक्के जण नैराश्यातून बाहेर आलेले होते. ज्यांना या बैठका मिळाल्या नव्हत्या त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के. झिम्बाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकावर बसून आज्या हेच काम करतात, त्याचेही निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झालेत. हे सगळं गप्पा मारूनच होतं, भाऊ. शिकवलेल्या, ठरवून केलेल्या, पण गप्पाच.

गावात हिणवतात या मुद्द्यावर मला तुमच्याशी वाद घालायचाच नाही, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. माणसानं माणूस सावरतो हे खरं असेल तर माणसानं माणूस मोडतो हेही खरंच असणार. क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६मध्ये दाखवलं की स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या तीव्र मानसिक आजाराचे, जे रुग्ण सतत टोचून बोलणाऱ्या किंवा जिवाला फार लावून घेणाऱ्या घरात परतले, त्यांच्यापैकी निम्म्यांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरात परतलेल्यांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. आजार तोच होता, घर वेगळं होतं. हे तुमच्या वाक्याच्या विरुद्ध जातं, तुमच्या लक्षात आलं नाही.

बाईवर ओझं पडतं, हे खरंच आहे. त्यावर वेगळं लिहीन, इथं तो विषय नाही.

पाहणीचं म्हणाल तर लपवण्यासारखं त्यात काही नाही. आग्र्यासह नऊ केंद्रांमधली स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची ती पाहणी, विकसनशील देशांतले रुग्ण जास्त बरे होतात असं तिच्यातून दिसलं, आणि २००८मध्ये अलेक्स कोहेन आणि सहकाऱ्यांनी तो निष्कर्ष एवढा सरसकट मानता येणार नाही असं लिहिलं. त्या सहकाऱ्यांत विक्रम पटेलही होते. म्हणजे ज्यांनी शंका घेतली त्यांनीच पुढे गोव्यात साध्या माणसांच्या हाती उपचार दिले. तुम्ही पहिलं वाचलंत आणि दुसरं सोडलंत. मग लपवलं कोणी?

वाचणाऱ्यांपैकी कोणाला आत्ता बोलायची गरज असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तो कुठल्याही वेळी लागतो, मराठीतही बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर चालू ठेवा. घरात कोणाच्या चालू असतील तर त्या पोटात जातात का, तेही बघा.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, जशी आहे तशी राहील. पुन्हा लिहायचं असेल तर गोव्याच्या अभ्यासावर लिहा. त्यात तुम्हाला काय खोट दिसते ते मला मनापासून ऐकायचंय. पण ‘जीव जातो’वालं वाक्य मागं घ्या. माझ्या आईच्या घरात ते वाचलं गेलंय.