"जुने शिकारी फक्त म्हातारे नर मारायचे" हे खरं नाही

एक मेसेज खूप फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. राजेरजवाडे आणि इंग्रज साहेब हे खरे शिकारी, ते गाभण मादी, पिल्लू, पाण्यावर आलेलं जनावर कधी मारायचे नाहीत, फक्त म्हातारा नर टिपायचे, म्हणून जंगल राहिलं, मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती नीती संपली, आणि खरी वाट लावली ती फासेपारध्यांनी. वाचून राग आला, कारण यातली एक गोष्ट खरी आहे आणि तीच नेमकी भलत्यांच्या नावावर टाकलीय.

आधी म्हाताऱ्या नराचं बघू. मोठ्या शिकारीत हाकारे जनावर उठवून मचाणाकडे आणायचे. वाघ एका झाडीतून निघून दुसऱ्या झाडीत शिरतो तेवढ्यात नर आहे की मादी, मागे बच्चे आहेत का, हे कोण आणि कसं बघणार? आणि भिंतीवर लावायला तर सगळ्यात लांब वाघ, सगळ्यात मोठ्या शिंगांचं काळवीट हवं असायचं, म्हणजे बहुतेक वेळा ऐन भरातलाच नर. असा वाघ गेला की त्याच्या हद्दीत दुसरा नर येतो आणि बऱ्याचदा आधीच्याची पिल्लं मारून टाकतो, म्हणजे मादीला हातही न लावता तिची त्या वर्षाची वीण गेलीच की.

दुसरं, "गरजेपुरतीच शिकार". १९११ मध्ये पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत गेले तेव्हा थोड्याच दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी. आणि आपल्या नगर जिल्ह्यात मॅन्सफिल्ड नावाच्या एकट्या साहेबानं १८०९ ते १८२९ मध्ये ९६१ माळढोक मारले, जो पक्षी एका विणीत बहुतेक एकच अंडं घालतो! आज सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणं म्हणजे नवल झालंय, तेव्हा हा आकडा वाचताना पोटात कालवतं.

चित्त्याचंही तेच. १९४७ मध्ये आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री गाडीच्या उजेडात तीन चित्ते मारले, देशातली ती शेवटची खात्रीची नोंद मानतात. तिन्ही नर होते, म्हणजे "फक्त नर" हा नियम पाळला गेला, तरी उपयोग काय झाला? त्याची हकिकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलकडे गेली तेव्हा संपादकांनी ती छापताना कडक शब्दांत निषेध केला. म्हणजे रात्री उजेड टाकून मारणं वाईट हे शिकारी लोकांनाही माहीत होतं, अडवणारं मात्र कुणी नव्हतं.

कायद्यानं नीती संपली म्हणणाऱ्यांनी साल बघावं. चित्ता संपल्याचं १९५२ ला जाहीर झालं, कायदा त्यानंतर वीस वर्षांनी आला. गीरचा सिंह एका राज्यकर्त्यामुळे वाचला हे मी मान्य करतो, जुनागढच्या नवाबांनी शिकारीवर बंदी आणली होती. पण तो हुकूम होता, एकेकाच्या मनावर सोडलेला नव्हता.

आता पारध्यांकडे येतो, कारण मुख्य खोट इथे आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रात फासेपारध्यांचा अभ्यास केला, त्यात स्पष्ट नोंद आहे की फासात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून द्यायची रीत होती. मेसेजवाले ज्या नियमाचं कौतुक साहेबांना देतायत तो इथे पाळला जात होता. आणि तो पाळता येत होता कारण फास जनावराला धरून ठेवतो, मारत नाही, जवळ जाऊन बघायचं, पोट चाचपायचं आणि मग ठरवायचं, याला वेळ मिळतो. गोळी सुटली की ठरवायला काही उरतच नाही. शिवाय पारध्याला त्याच माळावर परत यायचंय, पुढच्या वर्षीचं पोट तिथेच भरायचंय. पाहुणा म्हणून आलेल्या साहेबाला नव्हतं.

वाघांच्या चोरट्या शिकारीत काही पारधी पकडले गेलेत, ते नाकारायचं कारणच नाही, तो गुन्हा आहे आणि शिक्षा व्हायलाच हवी. पण माळरानं नांगराखाली गेली, इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधारे जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का १९५२ ला कागदावरून गेला तरी आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात. आणि याच लोकांपैकी काहीजण अकोला-वाशिमच्या माळावर तणमोराची घरटी शोधून राखतायत, कारण गवतात बसलेला पक्षी त्यांच्याइतका कुणाला दिसतच नाही. तेव्हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्यातलं पारध्यांवरचं वाक्य आधी काढा, आणि ज्यानं तुम्हाला पाठवला त्यालाही कळवा की ते का काढलं.