म्यूट केलं की हॉरर ट्रेलर फुसका होतो म्हणे

सध्या जिकडेतिकडे एकच ज्ञान फिरतंय: हॉरर ट्रेलरमध्ये कॅमेरा, एडिटिंग वगैरे काही नसतं, सगळा आवाजाचा खेळ, म्यूट करून बघा, हसायला येईल. सोबत चारपाच मुद्दे पण जोडलेले असतात आणि लोक "एकदम बरोबर" म्हणत पुढे ढकलतात. आवाज महत्त्वाचा आहे याबद्दल भांडणच नाही. पण बाकी जे ठोकून दिलंय ते जरा एकेक करून बघू.

"म्यूट केल्यावर भीती वाटत नाही, म्हणजे भीती आवाजातच असते." बरं, मग उलटी टेस्ट पण करा की. मोबाईल पालथा घाला आणि ट्रेलर नुसता ऐका. घुंईईई करत काहीतरी चढत जाणार, मग धाडकन आवाज, एखादवेळी दचकाल पण, पण घाबरायचं नक्की कशाला? जेम्स वॉनच्या 'द कंज्युरिंग'चा (२०१३) ट्रेलर घ्या. आई डोळ्यांवर पट्टी बांधून, टाळीच्या आवाजावरून मुलीला शोधतेय, लपाछपीतलाच प्रकार. ती चाचपडत कपाटाकडे जाते आणि कपाटातून दोन हात बाहेर येतात. तिला ते दिसत नाहीयेत, आपल्याला दिसतायत. पोटात गोळा आला तो इथे, टाळी वाजायच्या आधी. नंतर ती अंधारात काडी पेटवते तेव्हा उजेड किती, तर तिच्या चेहऱ्यापुरता, बाकी अख्खी फ्रेम काळी, आणि तिच्या खांद्यामागची ती काळी जागा मुद्दाम मोकळी सोडलेली आहे, त्यामुळे आपण तिचा चेहरा सोडून तिकडेच बघत बसतो, आणि शॉट कट होतच नाही, अरे कापा ना राव आता असं वाटायला लागतं, आणि मग बरोबर तिथूनच हात येतात. उधारी कॅमेऱ्याने चढवलेली असते, टाळी फक्त वसुलीला येते.

"जितके जास्त कट, तितकं टेन्शन." हे तर सपशेल चूक. 'द शायनिंग'चा (१९८०) टीझर बघितलाय का? अख्ख्या टीझरमध्ये एकच शॉट आहे. कॅमेरा हलत नाही, कट नाही, कुणी माणूस पण नाही. हॉटेलची लॉबी, समोर लाल लिफ्टचे दरवाजे, वरून नावं सरकतायत, आणि आपण नुसतं त्या दरवाजांकडे बघत बसायचं. मग बाजूने रक्त यायला लागतं, त्याचा लोंढा होतो, फर्निचर वाहून जातं आणि लोंढा थेट लेन्सवर येतो. दिग्दर्शक क्युब्रिकने मधे एक जरी कट मारला असता ना तरी आपल्याला श्वास घ्यायला जागा मिळाली असती. याउलट 'एलियन'चा (१९७९) ट्रेलर, त्यात डायलॉगच नाही, आधी सगळं संथ, सिनेमाच्या नावाची अक्षरं हळूहळू जुळतायत, एक अंडं तडकतंय, आणि मग धडाधड कट. म्हणजे मुद्दा कट किती हा नाहीच, वेग कुठे बदलला हा आहे. शेवटच्या पट्ट्यात ट्रेलरवाले शॉट बारीक बारीक करत नेतात, मग एकदम काळी स्क्रीन, सिनेमाचं नाव, तुम्ही म्हणता झालं बाबा एकदाचं, आणि मग आणखी एक झटका. त्याला ते लोक 'बटन' म्हणतात. सुरुवातीपासूनच फास्ट कापलं असतं तर हा झटका लागलाच नसता, कारण सैल पडायला वेळच मिळाला नसता.

"अंधार केला की काम झालं, कॅमेऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही." 'मिडसमर'चा (२०१९) ट्रेलर बघा. लख्ख ऊन, पांढरे कपडे, डोक्यावर फुलं. पुढे.

"जंप स्केअर (एकदम दचकवणारा झटका) म्हणजे फक्त मोठा आवाज." याचं एक गाजलेलं जुनं उदाहरण 'कॅट पीपल'मधलं (१९४२), ट्रेलर नाही, सिनेमाच, पण आजचे ट्रेलर तीच ट्रिक वापरतात. रात्री एक बाई रस्त्याने एकटी चाललीये, मागे दुसरी. एडिटर मार्क रॉबसन आळीपाळीने दोघी दाखवतो, आणि मग मागची बाई फ्रेममध्ये यायचीच बंद होते. आता आपण तिला शोधतोय. आणि तेवढ्यात बाजूने फिस्स करत घुसते ती साधी बस! निर्मात्याच्या नावावरून या ट्रिकलाच 'ल्यूटन बस' म्हणतात. तो आवाज जबरदस्त आहेच, पण आधीचे शॉट काढून टाका, मग उरते फक्त स्टॉपवर आलेली बस.

"म्युझिक बदललं की हॉररची कॉमेडी होते, मग एडिटिंगला काय अर्थ?" हे म्हणणाऱ्यांना २००५ मधला तो 'शायनिंग'चा फॅमिली कॉमेडी केलेला नकली ट्रेलर आठवत असतो. गाणं बदललं होतं, मान्य. पण रक्ताची लिफ्ट त्यात आहे का कुठे? नाही. हसणारे चेहरे, बापलेकाचे क्षण असे वेचून काढलेले शॉट आहेत आणि वर नवीन निवेदन. शॉट निवडून, क्रम बदलून अर्थ फिरवणं यालाच तर एडिटिंग म्हणतात, तुम्ही आमचाच पुरावा आम्हाला दाखवताय भाऊ.

आणि आवाजच सगळं करत असेल तर हिचकॉकच्या 'सायको'च्या (१९६०) ट्रेलरचं काय करायचं ते सांगा. सहा मिनिटांच्या वर आहे. हा माणूस गाईडसारखा मोटेल आणि घर दाखवत फिरतोय, सुरुवातीला मागे हलकंफुलकं म्युझिक, खून कुठे झाला ते सांगता सांगता वाक्य अर्धवट सोडतो, दाराकडे नुसता बघतो. कॅमेरा पण त्याच्यासोबत आरामात फिरतोय, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, आणि आपल्याला कळत असतं की हे बाथरूमकडे चाललंय. तिथे तो पडदा ओढतो आणि थेट किंचाळणाऱ्या बाईचा क्लोजअप. ती बाई म्हणजे सिनेमातल्या त्या सीनमधली नटी जॅनेट ली नाहीये, विग घातलेली व्हेरा माइल्स आहे, पण शॉट इतका जवळचा आणि इतका अचानक येतो की पहिल्यांदा बघताना ते सहसा लक्षातही येत नाही.