‘दंगल सांगून येत नाही’? पत्ता तर सांगतेच

प्रत्येक दंगलीनंतर हा मजकूर फिरतो: ‘दंगल म्हणजे ठिणगी, कुठेही पडेल. संशोधकांच्या आकड्यांचा उपयोग शून्य. शांतता समित्या म्हणजे पोलीस ठाण्यातला चहा.’ यातलं चहाचं बऱ्याच अंशी खरं आहे. बाकीचं नाही.

‘कुठेही पडेल’. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची यादी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून केली. खेड्यांतले मृत्यू चार टक्क्यांहून कमी निघाले. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के आठ शहरांतले: अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, वडोदरा, कोलकाता, दिल्ली. शहरी लोकसंख्येतला त्यांचा वाटा मात्र जेमतेम १८ टक्के. ठिणग्या सगळीकडेच पडतात. पेट घेणारी शहरं ठरलेली असतात. मे १९७० मध्ये भिवंडी पेटली ती शिवजयंतीच्या मिरवणुकीत, आणि मिरवणुकीवरचा तणाव आधीपासून साचत होता हे त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगापुढे आलं. १९८४ मध्ये पुन्हा तीच भिवंडी.

‘आकड्यांचा उपयोग शून्य’. इथे एक खरी अडचण आहे, ती मान्य करून पुढे जाऊ. समजा १००० गावं आहेत आणि वर्षात १० ठिकाणी दंगल होणार आहे. दंगल होणारी आणि न होणारी, दोन्ही गावं ओळखण्यात ९० टक्के अचूक असलेली पद्धत त्यातली ९ गावं पकडेल. पण शांत राहणाऱ्या ९९० पैकी ९९ गावांवरही बोट ठेवेल. म्हणजे १०८ इशारे, खरे ९. दुर्मीळ घटनेचं भाकीत असंच असतं. अशा यादीवरून धरपकड केली तर अन्याय होईल आणि नवा राग पेरला जाईल. मात्र त्याच १०८ ठिकाणी मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ महिनाभर आधी ठरवणं, दोन्ही बाजूंचे फोन नंबर ठाण्यात असणं, अफवा तासाभरात खोडणारी माणसं नेमणं, हे स्वस्त आहे. इशारा खोटा ठरला तरी नुकसान नाही. उपाय असा निवडायचा, की चुकीचा इशारा परवडेल. तारीख कळण्याची गरजच उरत नाही.

‘समित्या म्हणजे चहा’. जुन्या पद्धतीच्या समितीत पुढारी आणि प्रतिष्ठित बसत. तणावावर ज्यांचं राजकारण चालतं तेच शांततेचं आवाहन करत! १९८८ पासून भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी हेच बदललं. सुमारे ७० मोहल्ला समित्या, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस यांच्या नियमित बैठका. नळ-गटाराच्या तक्रारींतून ओळख झाली की अफवेच्या रात्री फोन उचलला जातो. डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. भिवंडी शांत राहिली. सगळं श्रेय समित्यांना देता येणार नाही, पण दोनदा पेटलेलं शहर तेव्हा पेटलं नाही, हे ‘ठिणगी’वाल्यांनी समजावून सांगावं.

समिती मोडते कशी, तेही ठरलेलं आहे. बैठक फक्त सणाच्या आदल्या दिवशी होते, अधिकारी बदलला की वही बंद पडते आणि सदस्यांच्या यादीत हळूहळू पुढाऱ्यांचे पुतणे भरले जातात.